टोळाचे पाय

मंगळवार, चैत्र. धारूर.

डोकं अजून तापलेलंच आहे. दूध संघानं चारा छावणीच्या भिंतीवर टोळाचं चित्र काढून घेतलंय, शेतकऱ्यांना कीड ओळखता यावी म्हणून. आणि सगळे पाय पोटाला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून संघाच्या चेअरमननं उद्घाटनाला मलाच बोलावलं. मी म्हटलं, "साहेब, पाय छातीला असतात. छातीचे तीन भाग, प्रत्येकाला पायांची एक जोडी. मागच्या दोन भागांना पंख."

"कुठं बी असू द्या की म्याडम," तो हसला. "कोण बघतंय?"

समोर जनावरं रिकाम्या गव्हाणी चाटत होती. छावणीसाठी आलेला अर्धा ट्रॅक्टर ऊस आजही त्याच्याच गोठ्यात गेला, सगळ्यांच्या देखत. आणि मी कशावर भांडले? पायांवर. काहून? उसाचं नाव काढायची हिंमत झाली नाही म्हणून?

पोटाला पाय. घरी येईपर्यंत तेच डोळ्यांसमोर. पोट नेईल तिकडं जाणारे पाय.

आता वाटतं, त्या पेंटरची काय चूक? त्यानं चेअरमनला समोर उभं करूनच चित्र काढलं असणार.