गोरेगावच्या मैदानाला दोन टँकर पाणी

गोरेगाव, ता. सेनगाव
रविवार, दुपार

वडिलांच्या ठिकाणी असलेले मोहियोद्दीन चाचा यांना प्रमोद मास्तरचा जयभीम आणि सलाम, दोन्ही. (एकानं भागलं असतं, पण ह्या खेपेला सांगायचं लई आहे.)

गुडघा कसा आहे? उझ्माताईचा फोन आला होता, तुमी आता नांदेडात लेकीच्या घरचा जिना चढून राहिले म्हणे, तेही कठड्याला न धरता. ऐकून बरं वाटलं. आरामात राहा. इकडची फिकीर बिलकुल करू नका आणि येण्याची घाई तर मुळीच करू नका. खतीजाबी चाची मजेत आहेत. गाद्या भरायचं काम जोरात आहे, तब्येत ठणठणीत आहे, तुमची आठवणबी काढत न्हाईत. तुमची पितळी शिट्टी खुंटीवर आहे. मी दोनदा मागायला गेलो, दोन्ही वेळा चहा मिळाला, शिट्टी न्हाई.

तर हॉकीचं. तुमी जाताना पोरींची टीम माझ्या हवाली केली, तेव्हा मी म्हणलो होतो की मी गणिताचा मास्तर, मी जन्मात स्टिक हातात धरली न्हाई. तुमी म्हणाले, मैदान चौकोनी असतं, तुला जमंल. जमलं न्हाई चाचा, पण नाहीबी म्हणता आलं न्हाई. माझी बहीण आज पोलिसाच्या वर्दीत आहे ती तुमच्या हॉकीमुळं. घरून विरोध असताना तुमी आमच्या ओट्यावर चार संध्याकाळी बसून माझ्या बापाला राजी केलं, हे मी विसरीन तर भाकरी गोड लागायची न्हाई. पण तुमची ती राज्यावर खेळलेली टीम आता कुठं राहिली? तिघी भरती झाल्या, पाच जणींची लग्नं झाली, दोघी शिकायला गेल्या. उरल्या त्या नव्या. मोजून अकरा, त्यातली एक खो-खोवाली. तिला अजून वाटतं की पळताना समोरचीच्या पाठीवर थाप मारायची असते.

त्यात आपल्या संस्थेचे अध्यक्ष पुनमचंदशेठ यांनी काय डोकं चालवलं तर मैदानाचं लग्नाचं लॉन करायचं. मी हातापाया पडलो. मग त्यांनी अट घातली की विभागात अजिंक्य ठरलेली ती शहरातली अकादमी आहे ना, जी औंदा राज्याची ढाल आणणार म्हणून सगळे बोलून राहिलेत, तिच्याशी एक सामना खेळा. पाचापेक्षा जास्त गोलांच्या फरकानं हरलात तर हॉकी बंद, लॉन चालू. मागच्या महिन्यात त्याच अकादमीनं एका चांगल्या तालुक्याच्या टीमला चौदा गोल घातले होते. शेठला ते माहीत होतं. मलाबी होतं.

मी रात पडायच्या आत वही काढून दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, सवयच आहे. त्यांच्याकडं दोन गोलकीपर. आपल्याकडं एक साक्षी, तीबी कापूस वेचायला न्हाई गेली तर. त्यांच्याकडं अंग चोळायला शिकलेली बाई, आपल्याकडं एरंडेल. त्यांच्या पोरी रोज हिरव्या टर्फवर खेळतात. आपल्या काळ्या मातीवर, तेबी गुरं हाकलल्यावर. साक्षीचे पॅड तर चाचींनीच गादीच्या कापडात कापूस ठासून शिवले, वर टाके असे घातले की लग्नाच्या गादीला काय घालतील. बेरीज-वजाबाकी करून मी उत्तर काढलं: सतरा. म्हणजे सतरा-शून्य. (गणित माझं कधी चुकत न्हाई, हे तुमाला ठाऊक आहे.)

आता खरी भानगड ऐका. सामन्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या कोचबाईंचा फोन. मी निमंत्रणात 'मैदान उत्तम आहे' असं लिहिलं होतं, तेवढंच त्यांनी वाचलेलं. बाई एकदम अदबीनं बोलल्या, आणि शेवटी विचारलं की सर, मॅचच्या आधी मैदानाला पाणी मारलेलं असेल ना? मी म्हणलो, व्हय मॅडम, मारू की. काहून मारायचं, किती मारायचं, हे विचारायची लाज वाटली. मोठ्या टीमची काही रीत असंल, आणि पाहुण्यानं तोंडानं पाणी मागितलं आणि आपण दिलं न्हाई, असं गोरेगावात कधी झालंय का? म्हणून मी टँकरवाल्या थावराला सांगितलं, एक टँकर घेऊन ये. थावरा म्हणाला, मास्तर, शहरची माणसं आहेत, एक बरा दिसत न्हाई. मग दोन मारले. सामन्याच्या सकाळी, चांगले जिरवून.

चाचा, आपली काळी माती मी तुमाला सांगायची गरज न्हाई. अकादमीची बस आली, पोरी उतरल्या, अंगावर निळे कपडे, पायात एकापेक्षा एक बूट, आणि पहिल्या दहा पावलांत एकेकीच्या बुटाला शेर-शेर चिखल. कोचबाई मैदानाकडं बघून राहिल्या, मग माझ्याकडं. त्यांनी सांगितलं की पाणी टर्फला मारतात, चेंडू सरसर पळावा म्हणून. मी म्हणलो, मॅडम, इथं बी मारलंय, मनापासून. त्या बाईनं कपाळाला हात लावला, पण माघारी गेली न्हाई. हा मोठेपणा मी जन्मभर मानीन.

सामना सुरू झाला आणि चेंडू जिथं पडेल तिथं रुतून बसायला लागला. अजिंक्य पोरी जोरात फटका मारायच्या, चेंडू वीतभर जायचा, चिखल मात्र पंचाच्या मिशीपर्यंत. आपल्या पोरींनी चपला पहिल्याच मिनिटात बांधावर काढल्या होत्या. आणि ऐश्वर्या, आपल्या भीमराजची धाकटी, तिला तुमी एकच गोष्ट शिकवून गेला होता ना, चेंडूखाली स्टिक घालून उचलायची, खुरप्यानं ढेकूळ उचलतात तशी? गोलाजवळ डबक्यात चेंडू रुतला, त्यांच्या चौघी त्याला बडवून राहिल्या, ही मधून वाकली आणि उचलून टाकला. चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळीत. एक-शून्य. आपण पुढं! मी कुणाला मिठी मारली ते मला आठवत न्हाई. लोक सांगतात, शेठला.

पण शेवटी अजिंक्य ते अजिंक्यच. मध्यंतरात कोचबाईंनी सगळ्यांचे बूट काढायला लावले, उचलून कसं मारायचं ते ऐश्वर्याकडं बोट करून दाखवलं, आणि पोरी दहा मिनिटांत शिकल्या. आपल्याला ते शिकायला दोन वर्षं लागली होती. मग गोलामागून गोल. पाच झाले. सहावा झाला, तेव्हा फरक बराबर पाचाचा. शेठ घड्याळाकडं बघून हसून राहिले होते. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. साक्षीच्या पॅडनं तोवर इतकं पाणी पिलं होतं की लेकराला उठताच येईना, ती गोलात बसूनच होती. तिथून तिनं ओरडून मला विचारलं, "सर, उठू का बसू?" मी गणिताचा माणूस, मी काय सांगणार? बांधावरून चाची ओरडल्या, "बस! पॅड माझे आहेत!" फटका आला, सणसणीत, आणि ओल्या कापसात घुसून तिथंच राहिला. पंच बिचारा चेंडू शोधत होता.

सहा-एक. फरक पाच. हॉकी राहिली, चाचा. पोरी हरल्या आणि नाचल्या, जिंकलेल्या पोरीबी त्यांच्यात नाचल्या. मग सगळ्यांनी चाचींच्या अंगणात पाय धुतले, ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. कोचबाई जाताना आठ स्टिक आणि गोलकीपरचं खरं किट ठेवून गेल्या. म्हणाल्या, जुनं आहे. मी पाहिलं, स्टिकवरचा कागदसुद्धा निघाला न्हाई. ते सामान हातात घेतलं आणि एकेक स्टिक पुन्हा पुन्हा मोजली. तुमचे, त्या बाईचे, थावराचे, कुणाकुणाचे आभार मानू? सध्या तुमचे मानतो. बाकी सगळं छान चाललंय. तुमी येऊ नका.

तुमचा,
प्रमोद

ता. क. एक. ते पाणी ही माझी चाल होती असं शेठ गावभर सांगून राहिलेत, आणि मी गप्प आहे. तुमाला कुणी विचारलं तर तुमीच शिकवली म्हणा.

ता. क. दोन. कोचबाईंनी परतीचा सामना ठेवलाय, पुढच्या महिन्यात, त्यांच्या टर्फवर. तिथं चिखल न्हाई. मी पुन्हा वही काढली. उत्तर सतराच येऊन राहिलं. ऐश्वर्यानं वही पाहिली आणि म्हणाली, सर, ह्यात चाचा धरलेच न्हाईत.

ता. क. तीन. वर एक खोटं लिहिलंय. चाची रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची आणून ठेवतात आणि अंधार पडला की घरी नेतात. कोणी बसू लागलं तर उठवतात. गुडघा गेल्यावर कोच कशाचा, कोचला पळावं लागतं, असं तुमी जाताना म्हणाले होते ना, त्याचं उत्तर त्या खुर्चीत असावं. काल मी तिसऱ्यांदा शिट्टी मागितली. चाचींनी पदरानं पुसून ती परत खुंटीला लावली आणि म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो: "उझ्माच्या अब्बांना लिहा मास्तर, गुडघा तिकडंच राहू द्या हवा तर. माणूस इकडं लावून द्या."