केतकीचा एक कप पुदिना

१२ नोव्हें., रवि.
धाकटी जाऊ केतकी सकाळीच तिच्या पूनम सागर सोसायटीतून इथे मुर्ध्याला, आमच्या घरी हजर. पिशवीत डिजिटल काटा, मोजायचे कप. पुढच्या रविवारी ती सोसायटीतल्या बायकांना सासूबाईंचं हिरव्या वाटणातलं पापलेट शिकवणार.
आईंनी खुर्चीत बसून मूठमूठ कोथिंबीर, पुदिना उचलून दिला. के.ने वजन करून लिहून घेतलं. आई चक्क लाजल्या. "अगो, माजी मूठ कदी कोनी मोजली न्हाय."
मी मोरीत पापलेटं साफ करतेय. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याच ओट्याशी आहे. मला कायम "बघून शिक". आणि हिला हात धरून.
चहाही मीच केला.

१४ नोव्हें., मंगळ
के.चा व्हॉट्सॲप. रेसिपीचं कार्ड केलंय. बायकांकडे काटे नसतात म्हणून ग्रॅमचे कप केले. कोथिंबीर दोन कप, पुदिना एक कप. "वैनी, बघा ना कसं झालंय?"
कसला कप? रविवारी तिने काट्यावरची अख्खी पानं कपात अलगद सोडली होती, मी पाहिलंय. निम्मी हवाच. तोच पुदिना कुणी बारीक चिरून दाबून भरला तर दुप्पट-तिप्पट बसेल. कोथिंबिरीचं खपून जाईल. पुदिना कडू करणार.
टाइप केलं. पुसलं. नुसता अंगठा पाठवला.
विचारलं असतं तर सांगितलं असतं. म्हणजे, विचारलंच होतं तिने. पण ते रंगाबिंगाचं असेल.

१८ नोव्हें., शनि.
के.ने आईंना उद्यासाठी साडी आणलीये. मोरपंखी. मला विचारतात, "गो, बरी दिसन का मना?" दिसेल म्हटलं. मला हिने कधी रुमाल तरी...
ह्यांना म्हटलं, उद्या कडू होणार. "मग फोन कर ना तिला." नाही केला.

१९ नोव्हें., रवि.
कडू झालं.
आईंना रिक्षाने के.कडे सोडायला गेले, तिथेच थांबले. के. माशाला मीठ-हळद लावण्यात, कप बायकांनी भरले. चिरून, चमच्याने दाबदाबून. मी बघत होते.
एक जण घास घेऊन म्हणाली, "माँजी के टाइम में ऐसा ही कडवा खाते होंगे." हसल्या सगळ्या. आई नव्या साडीत मधोमध बसलेल्या. घास गिळून म्हणाल्या, "व्हय. इसारले असन मी. वय झाला."
के. रडायच्या बेतात. तेच तर बघायचं होतं मला. पण आईंचं हे...

२० नोव्हें., सोम.
आई वाटणाला हात लावत नाहीत. "तूच कर. मना आता न्हाय कलत."
राहवेना. "आई, तुमची मूठ बरोबर होती. कप चुकला. मला मंगळवारीच कळलं होतं."
आईंनी मान वर केली. "मंग बोललीस का न्हाय?"
मी कोथिंबीर धुवायला घेतली.
"केतकीला बोलव," एवढंच म्हणाल्या.

२४ नोव्हें., शुक्र.
के. आली. कपात काय चुकलं ते मी सांगितलं, मंगळवारचं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून तोललं. अख्खी पानं अलगद, अख्खी दाबून, चिरून अलगद, चिरून दाबून. शेवटचा आकडा बघून के. म्हणाली, "बाई गं, एवढा फरक?" कार्डावर नवीन ओळ टाकली: पानं चिरण्याआधी, न दाबता मोजा. वाक्य माझं. खाली नावं आईंचं आणि तिचं. "वैनी, तुमचं टाकू?" नको म्हटलं. लगेच "बरं" म्हणाली. एकदा तरी आग्रह करावा माणसाने.
त्याच बायकांना ती परत बोलावणार आहे. आई म्हणतात, मी येनार न्हाय.
निघताना दारात सँडल घालता घालता के.ने सहज विचारलं, "वैनी, हे कपाचं तुमच्या कधी लक्षात आलं हो?"
आईंनी कोथिंबीर निवडणं थांबवलं आणि माझ्याकडे बघायला लागल्या.