बोलणं संपेपर्यंत

भावोजींना नमस्कार.

"कोर्टात गेलीस तर जिंकूनही हरशील," तुम्ही बजावलं होतंत. हिशेब तुमचाच बरोबर निघाला. बिघडलेल्या शिलाई मशीनचे पैसे दुकानदाराने परत दिले, पण कोर्टाची फी, हेलपाटे आणि बुडालेलं शिवणकाम यांत निम्मे गेलेच.

पण शेवटच्या तारखेला कोर्टात मी बोलत असताना दुकानदार मध्येच म्हणाला, "बाईंनाच मशीन चालवता येत नाही." तेव्हा न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. "त्यांचं बोलणं संपू द्या."

भावोजी, माझं बोलणं संपेपर्यंत आजवर कुणी थांबलं नव्हतं. तुम्हीसुद्धा. मी वकिलाशिवाय, आवाज न चढवता सगळं सांगितलं आणि जिंकले!

हे पत्र पाठवणार नाही. रविवारी जेवायला येईन, तेव्हा ताईसमोर तोंडानेच सांगेन.

तुमची,
आजवर गप्प बसलेली मेहुणी