किरकोळ दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी यंत्रांतल्या चिपांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचा, आता कसलाच नाही, हा कागद माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत, दिवसाउजेडी, माझ्याच हाताने लिहीत आहे. कानाला कमी येतं, गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. वकील म्हणाले, शुद्धीवर असल्याचं आधी लिहा, म्हणजे पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. म्हणून लिहिलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात चौथं कलम गाळलं असतं.

१. मागच्या खोलीतली हत्यारं. डाख लावायच्या, सोल्डरच्या दोन इस्त्र्या, भिंगाचा दिवा, रोधकांचे छत्तीस खण, आणि जुन्या चिपा पुसायची जांभळ्या दिव्याची पत्र्याची पेटी, हे सगळं माझ्या पुतणीला द्यावं. तिला ह्यातलं निम्मं लागणार नाही हे मला कळतं. तिच्या टेबलावर आता सगळं पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं आहे. तरी तिने ठेवून घ्यावं, कारण ती याच धंद्यात आहे आणि या धंद्यात काय असतं हे घरात दुसऱ्या कुणाला सांगून पटत नाही.

वकिलांनाही पटलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. आमच्या चिपेला पडदा नसतो, कळफलक नसतो, तिच्यावर आधीपासून बसलेला दुसरा कोणताही प्रोग्रॅम नसतो. वीज आली की ती जागी होते, आणि आपण सी भाषेत जे लिहून ठेवलं असेल तेच तिला आयुष्यभर ऐकू येतं. चुकीचं सांगितलं तरी ती ते इमानाने करत राहते. शाळेत गुरुजी म्हणायचे की पाठ केलेली कविता जन्मभर पुरते. चिपेकडे पाहिलं की मला नेहमी ते आठवायचं.

विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप पुतणीलाच, पण त्याचा एक प्रोब, म्हणजे टोक लावलेली तार, त्यात नाही. तो माझ्या मेहुण्याकडे आहे. चौदा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेलेलं यंत्र त्याने आठ महिन्यांनी परत आणलं आणि प्रोबबद्दल विचारलं तर म्हणाला, असा काही दिल्याचं आठवत नाही. त्याला या मृत्युपत्राने तो प्रोब कायमचा बहाल केला आहे. दुसरं काही नाही.

२. पुस्तकं. माझी शाळेची वाचनमाला, बांधून घेतलेली, पहिली ते अकरावी, शेजारच्या घड्याळजींना द्यावी. गेली नऊ वर्षं संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी माझ्या तोंडून त्याच त्या कविता ऐकल्या आहेत आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मी काम करताना कविता म्हणायचो. माझा धाकटा भाऊ समोरच्या टेबलावर असायचा. तो म्हणायचा, "दादा, असं गात सोल्डर केलंस तर सांधा वृत्तात बसेल, पण पक्का बसणार नाही." तेव्हा मी हसायचो.

३. बँकेत माझ्या नावे जे काही निघेल ते अंड्यांच्या उबवणीवाल्या बाईंना द्यावं. त्या आता त्यांच्या लेकीकडे असतात, पत्ता वकिलांकडे आहे. ही भरपाई नव्हे. त्यांचं जे गेलं त्याला भरपाई नाही. त्यांना कालच पत्र टाकलं आहे, म्हणजे मी मेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं असं व्हायला नको.

४. स्थावर मिळकत, आणि तिच्याआधी जे सांगायचं आहे ते.

हे घर, पुढच्या दोन खोल्या, मागची खोली, ओटा आणि आवारातलं लिंबाचं झाड, मी माझ्या धाकट्या भावाला देत आहे. त्याने ते नाकारलं किंवा कायद्याने त्याला घेता आलं नाही, तर ते त्याच्या मुलीला, म्हणजे वर लिहिलेल्या पुतणीला जावं. कारण पुढीलप्रमाणे.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं भाऊ याच खोलीत बसून उबवणी यंत्राची चिप लिहीत होतो. यंत्र बाईंचं, अकरा हजार अंडी मावणारं. एकवीस दिवस उबवायची. त्यातले शेवटचे तीन दिवस निराळे, त्यांचा प्रोग्रॅमही निराळा होता. यंत्राने हवा तापवायची आणि पुरेशी तापली की थांबायचं. पुरेशी तापली हा निरोप दुसऱ्या बाजूने येऊन एका ठरलेल्या जागेत पडायचा. मुख्य प्रोग्रॅम त्या जागेकडे पाहत बसायचा, आला का, आला का, असं.

शेवटच्या तीन दिवसांचा तो भाग मी लिहिला होता. टेबलावर तो अडकायला लागला, तेव्हा मी त्यात एक रिकामी फेरी घातली. म्हणजे चिपेने काही हजार आकडे उगाच मोजायचे आणि परत यायचं. फेरी घातली की चालायला लागलं. का चाललं हे मी शोधलं नाही. चालतंय ना, मग चालू दे, असं म्हणालो. वर एक ओळ लिहून ठेवायला हवी होती की हिला हात लावू नये. पण मग का लावू नये तेही लिहावं लागलं असतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं लिहायची मला लाज वाटली.

चार महिन्यांनी धाकटा तो प्रोग्रॅम झाडून पुसून नीट करत होता. त्याने मला विचारलं, "दादा, ही फेरी कशाला आहे?" मी एका कवितेचं हरवलेलं कडवं आठवत होतो. मी वर न पाहता म्हणालो, "असेल काहीतरी. नको असेल तर काढ."

त्याने काढली. दोन दिवस टेबलावर चालवून पाहिली, उत्तम चालली. एकोणिसावा दिवस दोन दिवसांत येत नाही.

आमची एक बदलवही होती. तीन रकाने, काय बदललं, कुणी, कारण. धाकटा ती फार निगुतीने लिहायचा. त्या दिवशीची त्याची नोंद अशी आहे: "रिकामी फेरी काढली. धाकटा. कारण: काहीच करत नव्हती."

अठराव्या दिवशी बाईंनी मला फोन केला. फोनचा रिसीव्हर त्यांनी अंड्यांच्या ट्रेजवळ नेला आणि मला ऐकवलं. कवचांच्या आतून टकटक येत होती, हजारो चोचींची. त्या म्हणाल्या, "ऐका, तुमचं यंत्र बोलतंय." दुसऱ्या दिवशी हवा तापत गेली ती थांबलीच नाही. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडलेलं होतं आणि बाई पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की शेवटचा हात कुणाचा लागला. वही माझ्या हातात होती. मी ती उघडून त्यांच्यापुढे धरली. तोंडाने मी खोटं बोललो नाही. धाकटा म्हणाला, "मीच काढली." मी काढायला सांगितलं होतं, हे तो बोलला नाही.

घरी माझ्या बायकोने त्याला धारेवर धरलं. ती या घरात आली तेव्हा तो बारा वर्षांचा, आईविना पोर. आम्हाला मूल झालं नाही, तिने सगळी माया त्याच्यावरच ओतली. म्हणून तिचा राग आईचा होता. ती म्हणाली, "एकदा दादाला विचारायचंस तरी." धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीचं टोक ओल्या स्पंजावर पुसत होतो, ते पुसत राहिलो. मग तो म्हणाला, "चुकलं, वहिनी." त्या आठवड्यात बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तो घर सोडून गेला. हा धंदा त्याने पुन्हा केला नाही. बसगाड्यांच्या आगारात बॅटऱ्या दुरुस्त करत तो निवृत्त झाला.

तो गेल्यावर अकरा दिवसांनी मी ती चूक शोधून काढली. चूक फेरी काढण्यात नव्हतीच. आपलं लिहिलेलं चिपेच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असतो, त्याला कसून काम करायला सांगितलं की तो हुशारी करतो. त्याने त्या जागेकडे एकदा पाहिलं, निरोप नव्हता, आणि ठरवलं की आता तो येणारच नाही. पुन्हा पाहायला तो गेलाच नाही. माझी रिकामी फेरी दुसऱ्या फाइलमध्ये होती, तिथून परतल्यावर त्याला सगळं नव्याने पाहावं लागायचं, म्हणून इतके महिने निभावलं. सी भाषेत यासाठी एक शब्द आहे, व्होलाटाइल. ही जागा तुझ्या पाठीमागे बदलू शकते, जुनी आठवण धरून बसू नकोस, दर वेळी जाऊन वाच, एवढं तो कंपायलरला सांगतो. तो शब्द मी पहिल्याच दिवशी लिहायला हवा होता.

अकराव्या दिवशी लिहिला. वहीत नोंद केली. काय बदललं, एक शब्द. कुणी, मी. कारण: "किरकोळ दुरुस्ती."

बायकोला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत सतरा वर्षं गेली, मग ती आजारी पडली. शेवटच्या महिन्यात तिने दोनदा धाकट्याची आठवण काढली, आणि दोन्ही वेळा म्हणाली, विचारलं असतं तर. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होतो. ती गेली त्या दिवशी धाकटा फाटकाशी उभा राहून परत गेला.

५. बदलवही. ती धाकट्याची आहे.

तिच्यामुळेच हा कागद लिहितो आहे. दोन वर्षांपासून पुतणी अधूनमधून येते. तुम्ही कसं लिहायचात ते बघायचंय, म्हणून तिने मागच्या पावसाळ्यानंतर ती वही आणि जुना प्रोग्रॅम मागून घेतला. वाचता वाचता म्हणाली, "काका, आमची रस्ट भाषा हे असं लिहूच देत नाही. एक वस्तू दोन हातांनी धरायची तर ती आधी विचारते, कुलूप कुठे आहे." मी म्हणालो, बरी आहे तुमची भाषा. तिने पान उलटलं. आधी तिच्या बापाची नोंद वाचली, मग माझी. तारखांवरून बोट फिरवलं. चहाचे कप विसळून ठेवले आणि गेली. चार आठवडे आली नाही. आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "बाबांना मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे."

६. माझ्यामागे भाषणं नकोत. कविता म्हणायची असेल तर पाठ असलेलीच म्हणावी, कागद बघून नको. मागच्या खोलीचा दिवा बिघडलेला आहे, लावताना हात जपावा.

पुरवणी, आठ दिवसांनंतर.

वरचं लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. म्हणजे मी पुन्हा तेच करत होतो. म्हणून धाकट्याला निरोप धाडला, तो आज सकाळी आला. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. बस म्हटलं तर बसला नाही. हा कागद त्याने खिडकीपाशी उभ्याने वाचला, चौथं कलम दोनदा. मी टेबलाशी बसून होतो.

मग त्याने एकच विचारलं. "वहिनीला सांगितलंस?"

मी म्हणालो, "नाही."

तो त्याच्या जुन्या खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता, तिथे त्याच्याच इस्त्रीचा जुना डाग आहे. मी माफी मागितली, ती मी इथे लिहीत नाही, फार तोकडी होती. त्याने ती घेतली असंही म्हणाला नाही, नाकारली असंही नाही. फक्त म्हणाला, "ती मला 'विचारायचंस तरी' म्हणाली होती, दादा."

वकिलांनी साक्षीदार विचारले. घड्याळजी आलेलेच होते. दुसरा हवा होता. धाकटा म्हणाला, "मी करतो." वकिलांनी त्याला समजावलं की साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही, घर हातचं जाईल. तो म्हणाला, "ठाऊक आहे. लेकीला मिळेल ना, झालं." तेव्हा घर पुतणीला जाईल. वही मात्र वकिलांच्या परवानगीने मी आजच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिली आहे.

वकिलांनी त्याला सहीची जागा दाखवली. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि जुन्या सवयीने सहीपुढे कारणही लिहिलं. वकील म्हणाले, एवढं लिहायची गरज नसते. मी म्हणालो, राहू दे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सकाळी साडेदहा.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचे घड्याळजी: (सही)

साक्षीदार दुसरा, लिहून ठेवणाराचा धाकटा भाऊ: (सही) कारण: लिहिताना दादा पूर्ण शुद्धीवर होता. तेव्हाही होता.