गुरुवारच्या तारखा

मी, एलेउतेरिओ मागबानुआ, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंद्याने वकील (मध्यंतरी एक वर्ष सक्तीने रिकामा), राहणार पोंतेवेद्रा, प्रांत कापीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्या वर्षांत तो खरोखर हवा होता, त्या वर्षांत कोणी मागितला नाही.

एक. राहते घर माझी धाकटी बहीण रेमेडिओस हिला. दिवाणखान्यातली माझी काळ्या डगल्यातली तसबीर तिने खुशाल उतरवावी. "आल्यागेल्याला वाटतं, इथे कोणी न्यायाधीश राहतो," असे ती वीस वर्षे म्हणते आहे. तिचा गैरसमज नाही, माझा होता.

दोन. माझा तांबडा कोंबडा वकील साबास तिरोल यांस. बेलार्गा खटल्यात ते माझ्या विरुद्ध उभे होते. नऊ वर्षांत मी मागितलेली एकही पुढची तारीख त्यांनी अडवली नाही. मी त्याला मैत्री समजत होतो. पुढे कळले की त्यांना झुंजीच्या आखाड्यावर जायची घाई असे. हा कोंबडा कधीही झुंजीत उतरलेला नाही, नुसता आरवतो. आम्हा दोघांची वकिली पाहता तो योग्य घरी जातो आहे.

तीन. नदीकाठची माझी जमीन, खाडीचे पाणी आत घेण्याच्या दारासह, श्रीमती सोलेदाद बेलार्गा यांस, व त्यांच्या पश्चात त्यांची मुलगी नेनिता हिला. याचे कारण लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही. तरी लिहितो.

१९९४ साली सोलेदादबाई नवऱ्यामागे राहिलेल्या मासळीच्या तळ्याचा वाद घेऊन माझ्याकडे आल्या. शेजाऱ्याने अर्ध्याहून अधिक तळ्यावर हक्क सांगितला होता. निकाल लागेपर्यंत कोणीही मासे सोडू नयेत, असा हुकूम झाला. दर गुरुवारी बाजार उरकून त्या माझ्या कचेरीत येत. सोबत केळीच्या पानात गुंडाळलेला, वाफ निघणारा तांदळाचा पुतो असे. मी बुधवारी केस कापून घेऊ लागलो. माझ्या कारकुनाला ते दुसऱ्याच महिन्यात कळले. मला दोन वर्षे लागली.

१९९६ साली शेजाऱ्याने लेखी तडजोड पाठवली: तळे निम्मे-निम्मे, बांधावरून वाट दोघांची. प्रस्ताव चांगला होता. हे मला वाचता वाचताच कळले, आणि हेही कळले की बाईंनी सही केली की गुरुवार संपले. मी त्यांना म्हणालो, "घाई नको. आपण पूर्ण तळं मिळवू." त्यांनी मान डोलावली. मी वकील होतो, त्यांनी विश्वास ठेवला.

पुढची सात वर्षे मी तारखा घेतल्या. साक्षीदार आजारी पाडले, नकाशे पुन्हा मोजायला लावले. अर्जांतली माझी भाषा त्या काळात फार सुधारली. तिकडे दोन वादळांत तळ्याचे बांध वाहून गेले, आत झाडोरा माजला. नेनिताने नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यात सोडले आणि हाँगकाँगला परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून गेली. मी तिला निरोप द्यायला बंदरावर गेलो होतो. रुमाल हलवला होता.

२००३ साली ती सुट्टीवर आली, आईसोबत कचेरीत बसली आणि तिने फाइल मागितली. तडजोडीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे का नाकारलंत?"

मी कायद्याचे दोन मुद्दे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता खरं सांगा."

मी सांगितले. आईसमोरच सांगितले, कारण वेगळी भेट मागण्याइतकेही तोंड उरले नव्हते.

सोलेदादबाईंनी तो कागद घडी करून फाइलीत परत ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी पहाटे चारला उठून तांदूळ दळायचे. मला वाटायचं, पुतो आणला नाही तर तुम्ही फाइल मागे सारणार. नऊ वर्षं मी तुम्हाला घाबरून होते."

इतक्या वर्षांत माझ्या मनात हा एक अर्थ आला नव्हता.

त्यांनी वकील बदलला. चार महिन्यांत निम्म्या तळ्यावर तडजोड झाली, तीच, १९९६ची. नेनिताने माझ्याविरुद्ध तक्रार केली. मी बचाव दिला नाही. माझी सनद एक वर्ष थांबली. शिक्षा कमी होती, असे माझे कायदेशीर मत आहे.

त्यांच्या तळ्याला भरतीचे पाणी माझ्या जमिनीतून मिळाले तर मासे तगतील, म्हणून ही जमीन. त्यांनी ती विकली तरी हरकत नाही. आभार मानायला, दफनाला किंवा कुठेही येण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. कागद टपालाने पाठवावेत.

चार. कचेरी आणि पुस्तके माझी कनिष्ठ सहकारी वकील होविता गालेगो हिला. हे मृत्युपत्र तिनेच लिहावे अशी माझी इच्छा होती. मी मजकूर सांगू लागलो. या कलमाशी तिने पेन खाली ठेवले.

"सर, यात मला मिळतंय. मग मी लिहू शकत नाही."

"अगं, मीच देतोय ना. कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय. रोहासला जा. तुम्हाला न ओळखणारा वकील गाठा."

मला राग आला. बसस्थानकापर्यंत तो टिकला.

म्हणून हे रोहासचे वकील फिलेमोन उंताल यांनी लिहून घेतले आहे. ते मला आज सकाळी प्रथमच भेटले. माणूस नेमका आहे. तिसऱ्या कलमापाशी थांबून त्यांनी विचारले, "श्रीमती बेलार्गांशी आपलं नातं काय लिहू?"

मी म्हणालो, "त्या माझ्या अशील होत्या. एवढंच लिहा."

हे सर्व मला वाचून दाखवले, समजले, आणि खालील तिघांच्या देखत मी प्रत्येक पानावर सही केली. तिघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही, हे त्यांनी सही करण्याआधी दोनदा विचारून घेतले.

(सही) एलेउतेरिओ मागबानुआ

साक्षीदार:
१. देल्फिन ओर्बिसो, शिंपी
२. कोरासोन बिलिरान, निवृत्त शिक्षिका
३. वेनांसिओ पादोहिनोग, छापखाना

रोहास शहर, कापीस
१४ नोव्हेंबर २०२३