मधाळ रंगाचा तुकडा

प्रिय मिरची,

अक्षर बघून दचकली असशील. बरोबर ओळखलंस, तुझा बापच लिहितोय. आजीने सांगायचं, त्याने उतरवायचं आणि मधे तोंड घालायचं नाही, असं ठरलंय. दीड वर्ष तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. फोनवर मी त्याचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. म्हणून हा कागद.

तू पाठवलेले लाकडाचे तीन तुकडे पोचले. नव्या घरात ओकची फरशी घालायची, माशाच्या काट्यासारखी तिरकी तिरकी, हेरिंगबोन का काय ते, आणि रंग आजीने निवडायचा. घरात चाळीस वर्षं लाकडी फरशी बसवलेला माणूस असताना विचारलं कुणाला, तर अंगठेबहाद्दर म्हातारीला. असो, मान दिलास, घेते. तू म्हणतेस ते इंजिनिअर्ड लाकूड म्हणजे काय ते त्यानेच मला सांगितलं. वर खऱ्या ओकचा पापुद्रा, खाली आडवेउभे चिकटवलेले थर, त्यामुळे हवा पालटली तरी सहसा फुगत नाही. मी म्हटलं, आपल्या घराण्यात कुणी इंजिनिअर झालं नाही, लाकूड तरी झालं. तो हसला नाही. तू हसली असतीस.

तिन्ही तुकडे ओट्याखाली मांडले आणि आठवडाभर अनवाणी त्यांच्यावर उभी राहून स्वयंपाक केला. धुरकट आहे तो दिसायला रुबाबदार, पण पिठाचा कण पडला तरी चुगली करतो. पांढुरका बघितला की आता कुणीतरी सुई टोचणार असं वाटतं. मधाळ रंगाचा घे. तेल पाजलेला घे, चकचकीत नको. चकचकीत फरशीवर म्हाताऱ्या आणि नवे जावई सारखेच घसरतात. पट्टी अरुंद घे. तुझी खोली केवढी ते मला माहीत आहे, त्यात रुंद पट्टीची नक्षी म्हणजे बुटक्याने थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखं. तुझ्या बापाचंही मत तेच, पण तो तुकडे बघत नव्हता, अंगठ्याने चाचपत होता. मी विचारलं, पाळण्यातलं पोर आहे का ते. तर उठून गच्चीवर गेला.

त्या दातांच्या डॉक्टरच्या दिवाणखान्याबद्दल मी आजवर बोलले नाही. काम तू आणलेलं, नकाशा तुझा, बसवणारा तो. खोलीच्या मधोमध निळीत बुडवलेलं सूत मारायचं, त्या रेघेपासून नक्षी दोन्हीकडे न्यायची, एवढं मलाही येतं. तो शिकाऊ होता तेव्हा घरी सराव करायचा आणि सुताचं दुसरं टोक मी धरायचे. अर्धी खोली झाल्यावर तुला दिसलं, सगळी नक्षी दोन बोटं खिडकीकडे सरकली आहे. गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, बाबा, माझ्या नकाशाला तुमच्या लेखी काडीची किंमत नाही, उखडा सगळं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि घरी आला. तू म्हणतेस, मुद्दाम केलं, लेकीच्या हाताखाली काम करणं त्याला जड जात होतं. त्यानंतर त्याने एकही काम घेतलं नाही. विचारणाऱ्याला सांगतो, गुडघे गेले. गुडघे गेलेला माणूस दिवसातून चार वेळा गच्चीचा जिना चढतो.

सोमवारी तुझ्याकडे दुसरा फरशीवाला येणार म्हणे. चांगलाच असेल. बापाला काम दे, असं सांगायला मी बसलेली नाही. मला अक्षर कळत नाही, पण ओळ कळते. आत्ता बघतेय, त्याची ओळ डोंगर चढतेय आणि एकेक अक्षर कोटाच्या बटणाएवढं आहे. त्या दिवशी तू मारलेल्या सुताची निळी रेघ त्याला दिसलीच नाही, मिरचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला कळलं तर तू काम देणं बंद करशील, म्हणून लपवलं, आणि ते गेलं ते गेलंच. मलाही कपाबाहेर चहा ओतताना पकडला तेव्हा कळलं. शस्त्रक्रियेची तारीख त्याने दोनदा मोडली. आता येत्या गुरुवारी सकाळी नऊला आहे. सोबत कागद वाचून सही करणारं माणूस हवं; मी गेले तर कशाखाली अंगठा उठवला ते मलाच कळायचं नाही. तू ये. लाकडाची खोकी तशीही खोलीच्या हवेला सरावायला काही दिवस पडून राहावी लागतात, अजून थोडे दिवस राहिली तर त्यांचं काही जात नाही. मघाशी पेन बराच वेळ थांबलं होतं. आता चालतंय, पण त्याने हे सगळं गाळून पाऊसपाण्याबद्दल लिहिलं असलं तरी मला काय कळणार. तुझ्यापर्यंत पोचलं असेल, तर त्याने ते आपल्या हाताने लिहिलंय, एवढं ध्यानात घे.

तुझीच,
आजी