केबलवरचं फडकं

बाबा,

आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. चंद्रपूरबाहेरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं आहेत, ती तपासून सही करणं हे माझं काम. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते, म्हणून तुम्हाला हे माहीत नाही. विमानाचं शेपटीकडचं सुकाणू पायांनी हलतं. पायापासून शेपटीपर्यंत तारांची पिळलेली केबल असते, तळाच्या पत्र्याखालून गेलेली. ठरावीक तास उड्डाण झालं की ती तपासायचीच. मागच्या वेळी चांगली निघाली असली तरी. सीट काढा, पत्रे खोला, आरसा-टॉर्च घेऊन आडवं व्हा, केबलवरून फडकं फिरवा. एखादी तार तुटली असेल तर फडकं अडकतं. मे महिन्यात आमच्या टिनाच्या शेडमध्ये हे करून बघा एकदा. वरून मॅनेजर डोक्याशी उभा. "मॅडम, मागच्या टायमाले काई निंगालं का? नाई ना? मंग काऊन खोलून राह्यल्या?" दर वेळी तेच. दर वेळी माझं उत्तरही तेच, आणि ते माझं नसून तुमचं आहे याचा मला जास्त राग येतो.

भद्रावतीजवळच्या खाणीत तुम्ही कोळशाच्या गाड्या ओढणारा दोर तपासायचात. माझ्या शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशी मी तुम्हाला न्यायला आले आहे, दहा-अकरा वर्षांची, पायांत आईचे पैंजण, तोंडाला पावडर. तुम्ही दोराशेजारी बसलेले, हातात फडकं, दोर मुंगीच्या चालीने पुढे सरकतो आहे. एक फोरमन वैतागून म्हणतो, "भाऊ, कालच त पाह्यला ना?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "कालचा काल पाह्यला. आजचा आज पाहू दे." मी म्हणते, "बाबा, चला ना." तुम्ही म्हणता, "तू हो पुढं." दोर चांगला निघाला. तुम्ही पोचलात तेव्हा माझा नाच संपला होता, खुर्च्या उचलणं सुरू होतं. घरी आईने भाकर थापता थापता सुनावलं, "पोरगी नाचली अन् तुमी दोराले पाहत बसले." तुम्ही जेवलात आणि उठून, नेहमीप्रमाणे, गळती बघायला गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बसलात. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. तुमच्या ते लक्षातही आलं नसावं.

या मंगळवारी माझं फडकं अडकलं. मागच्या पत्र्याखाली, जिथे केबल कप्पीवरून वळते तिथे. हातमोजा काढून बोट फिरवलं तर टोचलं. पाच तारा तुटलेल्या. मॅनेजरला आरशात दाखवलं. त्याने वाकून बघितलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो म्हणाला, "किती दिवस लागन?" बस. केबल बदलली, सुकाणू दोन्ही बाजूंना हलवून पाहिलं, सही केली, विमान गेलं. उड्डाण शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी पाठीवर थाप मारली. शेडमधल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि ते ऐकून मी आणखीच वैतागले.

कारण मागच्या वेळी तो मागचा पत्रा मी खोललाच नव्हता. स्क्रू गंजले होते, ऊन मरणाचं होतं, मॅनेजर डोकं खात होता. पुढून टॉर्च मारला, चांगलं दिसलं, सही केली. त्यानंतर मुलचेऱ्याची एक शिकाऊ मुलगी त्याच विमानात पहिल्यांदा एकटी वर गेली. ती उतरल्यावर आम्ही तिला पेढा भरवला. मीही भरवला.

तारा तेव्हाच तुटल्या होत्या की नंतर, हे आता कोणालाच कळणार नाही. रजिस्टरमध्ये मी फक्त केबल बदलल्याचं लिहिलं आहे. हे सांगायचं तर मॅनेजरला सांगायला हवं, त्या मुलीला सांगायला हवं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.